बाळाचं वजन, आईची तब्येत



बाळ जन्मलं की आपण विचारतो, "किती भरलं?" त्या आकड्यात आईच्या तब्येतीचीही खबर असते.

२.५ किलोच्या आत भरलं, तर आईला पुढे रक्तदाब व हृदयविकाराचा धोका जास्त. ४ किलोच्या वर भरलं की आपण पेढे वाटतो. पण अशा आईला पुढे मधुमेह जडण्याचा संभव असतो.

म्हणून बाळंतपणाचं कार्ड जपा. दरवर्षी तिचा रक्तदाब, साखर तपासून घ्या.

लगोलग दिवस राहिले तर बाईच्या अंगात रक्त भरत नाही, पुढचं बाळही हलकं भरतं. दोन मुलांत ३ वर्षांचं अंतर ठेवा. तांबी, गोळ्या, निरोध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

दादांनो, कारभारणीला एकटी पाठवू नका, सोबत जा. आई धडधाकट, तर घर धडधाकट!