खुणा हाताने लिहिताना

वेबपान दोन रीतींनी तयार होते. एका रीतीत पडद्यावर चौकटी ओढून ठेवल्या जातात आणि त्यांमागची एचटीएमएल साधनच लिहिते. दुसरीत नोटपॅडसारख्या साध्या संपादकात प्रत्येक खूण टाइप करावी लागते. यांतली पहिली रीत नंतरची, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न येथे लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्येच पान पाहता पाहता बदलताही येत होते. १९९३ मध्ये आलेला मोझेक हा ब्राउझर सर्वत्र पसरला, तो मात्र पाने केवळ दाखवणारा होता. त्यामुळे पाने लिहिणाऱ्यांनी खुणा शिकल्या, इतरांच्या पानांचा सोर्स उघडून त्या उचलल्या. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने फ्रंटपेज हे पहिल्या रीतीचे साधन विकत घेतले, पुढच्या वर्षी त्याच धर्तीचे ड्रीमवीव्हर आले आणि खुणा पुन्हा पडद्याआड गेल्या.

आड गेल्याने काय हुकते, हे हैदराबादेत लवकर कळते. विद्यानगरातल्या एखाद्या वाचनालयाला मराठी, तेलुगू आणि उर्दू सूचना एकाच पानावर द्यायच्या आहेत, असे समजू. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडची पाच चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे पंधरा बाइट होतात. पानाच्या आरंभी चुकीची संकेतपद्धती घोषित झाली, तर ब्राउझर त्या बाइटांतून भलतीच रोमन अक्षरे काढून दाखवतो. टंक बदलत बसण्याचा खटाटोप येथे व्यर्थ असतो. दोष घोषणेच्या एका ओळीत असतो.

उर्दूचा प्रश्न दिशेचा. अक्षरे आपोआप उजवीकडून डावीकडे लागतात, पण परिच्छेदाची दिशा सांगितली नसेल तर शेवटचे उद्गारचिन्ह उजव्या टोकाला, म्हणजे वाक्याच्या आरंभी जाऊन बसते. संपादकात स्पेस देऊन ते हलवणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक ‘डिर’ या गुणधर्माला ‘आरटीएल’ हे मूल्य देणे पुरेसे असते. मराठीसाठी ‘लँग’ला ‘एमआर’ हे मूल्य द्यावे. टंकात मराठी वळणाचे ल आणि श असतील, तर ब्राउझर त्या घोषणेवरून ते निवडू शकतो; एरवी त्याच टंकातली हिंदी वळणाची रूपे उमटतात. मराठी वाचकाला ती खटकतात, पण खटकण्याचे मूळ सापडत नाही.

शीर्षकाचेही तसेच. अक्षर मोठे आणि ठळक केले की ते डोळ्यांना शीर्षक वाटते. अंधांसाठी पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र शीर्षकाची खूण शोधतो. ती नसेल तर त्याच्या लेखी तिथे साधा मजकूरच असतो.

याचा अर्थ साधने टाकून द्यावीत असा नाही. शेकडो पाने एकाच साच्यातून काढणाऱ्या वृत्तपत्राने ती हाताने लिहिणे हा वेळेचा अपव्ययच ठरेल. प्रश्न शिकण्याच्या क्रमाचा आहे. हैदराबादेतल्याच अमीरपेटच्या क्लासांत नोकरीच्या घाईने येणाऱ्याला थेट फ्रेमवर्क हवे असते, आणि त्याची घाई समजण्यासारखी आहे. तरीही वरच्यासारखे एक त्रिभाषिक पान आधी हाताने लिहून, खुणांतल्या चुका दाखवणाऱ्या व्हॅलिडेटरमधून तपासून, मग तेच साधनात उघडावे. त्या वेळी साधनाने घातलेली प्रत्येक जादा खूण ओळखता येते आणि नको ती काढता येते.