दिवाळं काढलं तर कराची थकबाकी सुटते का?



आजचा विषय आहे कराच्या थकबाकीचा. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, मग इन्कम टॅक्सचा आपल्याशी काय संबंध, असं पुष्कळ जणी म्हणतात. पण घरातलं कुणी आडत करतं, कुणी ठेके घेतं, कुणी पोल्ट्री टाकतं. दुधाचा आणि कोंबड्यांचा धंदा कायद्याच्या हिशेबात शेती नाही. धंदा बसतो, नोटिसा येतात आणि कपाटात पडून राहतात. उत्तर गेलं नाही की अधिकारी हाती असलेल्या माहितीवर अंदाजानं कर ठरवतो, वर व्याज आणि दंड चढतो. मग कुणीतरी सल्ला देतं, "दिवाळं काढ, सगळं माफ होतं. त्याआधी जमीन बायकोच्या नावावर करून टाक." आणि कागद सहीसाठी आपल्यापुढे येतो. सही करायच्या आधी यातलं खरं किती, ते बघू.

दिवाळं काढता येतं, हे खरं. कोर्टात त्याला नादारी म्हणतात. आपल्या जिल्ह्यांत त्यासाठी अजून १९२० चा कायदा चालतो. कर्ज फिटत नाही असा अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. कोर्टानं नादार ठरवलं की त्या माणसाची मिळकत कोर्टाच्या ताब्यात जाते, ती विकून पैसे देणेकऱ्यांना वाटतात. पुढे कोर्ट त्याला उरलेल्या कर्जातून मोकळं करू शकतं. पण मिळकतीतून रुपयामागे पन्नास पैसेही निघत नसतील, तर ही वेळ आपल्या दोषानं आली नाही हे त्याला पटवून द्यावं लागतं. जुगारात किंवा उधळपट्टीत पैसा घालवला असेल, तर तेही आड येतं.

आता मुद्द्याचं. मोकळं झाल्यावरही काही देणी सुटत नाहीत, असं याच कायद्यात लिहिलं आहे. त्यात पहिलंच नाव आहे सरकारी देण्याचं. प्राप्तिकर हे सरकारी देणं. हातउसने घेतलेले पैसे, दुकानदाराची उधारी यातून सुटका होईल. कराच्या थकबाकीतून नाही. उलट मिळकतीचे पैसे वाटताना सरकारचं देणं पहिल्या रांगेत असतं. फसवणूक करून केलेलं कर्जही सुटत नाही. आणि मैत्रिणींनो, कोर्टानं बायकोमुलांना लावून दिलेली पोटगीही सुटत नाही. "मी दिवाळं काढलं, आता पोटगी नाही," असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

"नवीन कायदा आलाय, त्यात गरिबांचं कर्ज माफ होतं," असंही ऐकाल. २०१६ च्या कायद्यात वर्षाला ६० हजारांपर्यंत उत्पन्न आणि ३५ हजारांपर्यंत कर्ज असणाऱ्यांसाठी तशी सोय लिहिलेली आहे. पण व्यक्तींसाठीचा तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता सुरू झाला. त्याच्या नावावर कुणी फॉर्मचे पैसे मागितले तर देऊ नका.

आता जमीन बायकोच्या नावावर करण्याचं. नवऱ्यानं पुरेसा मोबदला न घेता बायको, सून किंवा अज्ञान मुलांच्या नावावर केलेली मिळकत करवसुलीत त्याचीच धरता येते. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत अशी फुकट नावावर केलेली जमीनही कोर्ट परत खेचू शकतं. म्हणजे जमीन वाचत नाही, आणि कोर्टकचेरीत आपलं नाव तेवढं येतं. त्याहून घातक गोष्ट म्हणजे आपल्या पॅन कार्डावर दुसऱ्यानं धंदा चालवणं. धंदा आपल्या नावावर, तर थकबाकीही आपल्या नावावर.

मग आपलं काय सुरक्षित आहे? नवऱ्याचा कर बायकोच्या स्वतःच्या मिळकतीतून वसूल होत नाही. माहेरचा वाटा, स्त्रीधन, स्वतःची कमाई आपली. फक्त पासबुक, पावत्या, कागद जपून ठेवा. थकबाकीदाराच्या घरातले कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिनाही जप्त होत नाही. शेतीवर पोट असेल तर औतं, लागणारी जनावरं, बियाणं आणि राहतं घर यांनाही संरक्षण आहे. घर तारण दिलं असेल तर मात्र बँकेचा हक्क वेगळा. आणि थकबाकी वसूल करण्यासाठी बाईला तुरुंगात टाकता येत नाही.

नवरा वारला तर? त्याचा कर वारसांकडून मागता येतो, पण त्याच्या मागे जेवढी मिळकत आली तेवढ्यापुरताच. मागे काही आलं नसेल तर स्वतःच्या मजुरीतून भरायचं नसतं. मात्र कर भागायच्या आत ती मिळकत विकू नका. विकली तर तेवढ्या किमतीपुरती जबाबदारी आपल्या अंगावर येते.

म्हणून खरा उपाय नोटिशीच्या दिवशीच सुरू होतो. पाकीट फोडा, तारीख लिहा. मागणीची नोटीस मिळाली की ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. एकदम भरणं जमत नसेल तर त्याच मुदतीत हप्ते पाडून मागण्याचा अर्ज अधिकाऱ्याकडे करता येतो. वकिलाला पैसे नसले तरी अडत नाही. १९८७ च्या कायद्यानं कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्यायचा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढं एक काम करा. कुणाच्या घरी न फोडलेली नोटीस आहे का आणि कुणाचं पॅन कार्ड दुसऱ्याच्या हातात आहे का, हे एकमेकींना विचारा. ज्या कागदावर काय लिहिलंय ते कळलं नाही, त्यावर सही करू नका. "गटात वाचून घेते, मग करते," एवढं म्हणायचा हक्क प्रत्येकीला आहे.