दार उघडणारे गाव
(मिशनच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



फुटीच्या काळात माणसावरचा विश्वास कसा टिकवायचा, या विषयावर बोलायला मला सांगितले आहे. अशा विषयावर गोड गोड बोलून वेळ निभावता येते. त्यापेक्षा एका गावाची हकिकत सांगतो. गाव फ्रान्सच्या दक्षिणेकडचे, डोंगरपठारावरचे, हिवाळ्यात बर्फाने वेढले जाणारे. नाव ले शाँबाँ-स्यूर-लिन्यों. नाव विसरलात तरी चालेल, तिथल्या माणसांनी काय केले ते लक्षात ठेवा.

जून १९४०. जर्मनीपुढे फ्रान्सने हात टेकले आणि युद्धबंदीच्या करारावर सही झाली. दुसऱ्याच दिवशी, २३ जूनच्या रविवारी, तिथले पाळक आंद्रे त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेईस यांनी मंडळीला सांगितले की, शुभवर्तमानाच्या विरुद्ध जाणारी आज्ञा झाली तर आपण ती पाळणार नाही. मात्र हे द्वेष न करता आणि भीती न बाळगता करायचे आहे. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हते.

त्या हिवाळ्यात एका रात्री पाळकांच्या घराचे दार वाजले. बाहेर बर्फात एक ज्यू बाई उभी होती, जर्मनीतून पळून आलेली, भिजलेली, घाबरलेली. आत येऊ का, असे तिने विचारले. पाळकांची पत्नी माग्दा यांनी तिला आत घेतले, चुलीजवळ बसवले, खायला दिले. बाईचे भिजलेले बूट वाळत ठेवले, ते उष्णतेने जळून गेले! युद्धाचे दिवस, सगळे रेशनवर. बूट आणायचे कुठून? बाईसाठी कागदपत्रांची सोय व्हावी म्हणून माग्दाबाई नगराध्यक्षांकडे गेल्या, तर ते रागावले. एका परक्या बाईसाठी सगळे गाव धोक्यात घालता काय, तिला उद्या सकाळी गावाबाहेर काढा, असे त्यांनी बजावले.

त्या नगराध्यक्षांना वाईट ठरवण्याची घाई करू नका. त्यांना गावाची काळजी होती, आणि आपल्यापैकी बरेच जण त्यांच्या जागी असते तर तेच बोलले असते. पण माग्दाबाई त्यातून एक गोष्ट शिकल्या: दार उघडण्यापूर्वी परवानगी विचारत बसायचे नाही. त्यानंतर गावात दारे उघडत गेली. कोणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. शेजारच्या घरात कोण आहे, हे शेजारीही विचारत नसे.

हे लोक कोण होते? बहुतेक गरीब शेतकरी, बटाटे आणि चार जनावरे यांवर जगणारे. पण त्यांच्या घराघरांत एक आठवण जिवंत होती. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंट लोकांचे उपासनेचे हक्क काढून घेतले होते. तेव्हा त्यांचे पूर्वज रानात, डोंगरात लपून प्रार्थना करीत. मारी द्यूराँ नावाची एक स्त्री विश्वास सोडत नाही म्हणून ३८ वर्षे एका बुरुजात कैदेत होती. ही गोष्ट तिथली मुले आजीच्या मांडीवर ऐकत असत. म्हणून दारात आलेला मनुष्य त्यांना परका वाटला नाही. छळ सोसलेल्यांना छळाची ओळख लागलीच पटते, असे नेहमी घडत नाही हो. पुष्कळदा उलटेही घडते. इथे घडले, कारण ती आठवण त्यांनी तक्रार म्हणून नव्हे, तर शिकवण म्हणून जपली होती.

ऑगस्ट १९४२ मध्ये पोलीस बसगाड्या घेऊन आले. गावातल्या ज्यूंची यादी द्या, असे त्यांनी पाळकांना सांगितले. आपण ज्यू ओळखत नाही, माणसे ओळखतो, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. पाहुणे तोवर रानात आणि दूरच्या वस्त्यांवर पोचले होते. शोधाशोध करून एक मनुष्य हाती लागला. तो बसमध्ये एकटा बसला होता, तर गावकरी पुढे होऊन आपापल्या घरातले काहीबाही खाणे त्याच्या हातात देऊ लागले. पोलीस पाहत राहिले.

ऑस्कर रोसोव्स्की हा स्वतः ज्यू असलेला पोरगा खोटी ओळखपत्रे बनवत असे, वय अवघे १८-१९. त्याचे साहित्य एका शेतकऱ्याने मधमाश्यांच्या पेट्यांत लपवले होते. खोटी कागदपत्रे हा पाळकांच्या घरात सोपा प्रश्न नव्हता. माग्दाबाईंच्या मनाला ते टोचत होते. तरी जीव वाचवायचा तर हे करावे लागेल, हे त्यांनी जाणले आणि ते टोचणे बाजूला टाकले नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये त्रोक्मे, तेईस आणि शाळेचे मुख्याध्यापक यांना अटक झाली. अटक करायला आलेल्या पोलिसांना माग्दाबाईंनी जेवायला बसवले! लोक म्हणाले, हे कसे जमले? त्यांना प्रश्नच कळेना. जेवणाची वेळ झाली होती. निरोप द्यायला गावकरी जे जमेल ते घेऊन आले: मेणबत्ती, माशांचा डबा, आणि शौचाच्या कागदाची गुंडाळी, जिच्यावर शास्त्रवचने लिहिलेली होती. सुमारे महिन्याने सुटकेच्या वेळी मार्शल पेतँच्या आज्ञा पाळू, अशी सही मागितली गेली. दोन्ही पाळकांनी ती दिली नाही. तरी त्यांना सोडण्यात आले.

सगळ्यांचे असे भले झाले नाही. त्रोक्मेंच्या नात्यातला दानिएल हा तरुण विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह सांभाळत होता. जून १९४३ मध्ये जर्मनांनी तिथे छापा घातला. दानिएलला पळून जाता आले असते, पण तो आपल्या मुलांबरोबर गेला. एप्रिल १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत तो मेला. आपल्या वसतिगृहांत काम करणाऱ्या भाऊ-ताईंनी हे नाव ऐकून ठेवावे.

युद्ध संपेपर्यंत त्या पठारावर सुमारे ५,००० जणांना आसरा मिळाला, असा अंदाज आहे. त्यांत ज्यू ३,००० हून अधिक.

आता आपल्याकडे या. पाड्यावर काम करणारे सांगतात की, पूर्वी ज्या घरी पाणी विचारीत, तिथे आता आधी जात आणि धर्म विचारतात. मोबाईलवर कोणी काही पाठवतो आणि बाजारात दोन दिवस लोक एकमेकांकडे वाकडे पाहतात. तुमच्या गावी भाड्याने खोली मागणाऱ्याला आडनावावरून नकार मिळतो की नाही? आपल्याच मंडळीतल्या घरमालकांकडूनही मिळतो, मला माहीत आहे. तेव्हा बाहेरच्यांनी फूट पाडली, एवढे म्हणून आपली सुटका नाही.

जूनमध्ये वसतिगृहात नवी मुले येतील. वारली असतील, कातकरी असतील, ठाकर असतील. ख्रिस्ती असतील आणि नसतील. त्यांची ताटे एका पंगतीत लागतील, हे आपण गृहीत धरले आहे. पण आई-बापाला कोणी पाड्यावर येऊन घाबरवले, तर त्यांच्याशी बोलायला कोण जाणार, हे आपण ठरवलेले नाही.

जेवणाला अजून अर्धा तास आहे. हीच गोष्ट आता बोलून घेऊ. कोण जाणार, त्यांनी नावे द्यावीत.