पेन्शनीचा हिशोब आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. सातवीपर्यंत शिकले, पुढचा हिशोब संसारात शिकले. पेन्शनीवर पुरुषमंडळी जिन्यात उभी राहून तासन्‌तास बोलतात. आणि ज्या बाईला तो पैसा बहुधा जास्त वर्षे पुरवायचा असतो, ती आत पोळ्या लाटीत असते. म्हणून हे धाडस.

आपल्या अँटॉप हिलला केंद्र सरकारच्या नोकरांची वसाहत आहे. तिथे एकाच जिन्यावर दोन तऱ्हेचे संसार. १ जानेवारी २००४ पूर्वी नोकरीला लागलेल्यांना साधारणपणे पगाराच्या निम्मी पेन्शन, महागाईबरोबर वाढणारी, आणि पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. त्यानंतर लागलेल्यांचे दरमहा दहा टक्के कापून जातात, सरकार आपली भर घालते आणि पैसा बाजारात गुंतवला जातो. साठीला हातात काय पडेल, ते आधी कोणी सांगत नाही.

सरकारचीही बाजू आहे. जुन्या पेन्शनीसाठी डबा भरून ठेवलेला नसतो. त्या त्या वर्षीच्या करातून ती द्यायची. माणसे आता जास्त जगतात, ही देवाची कृपाच, पण खर्च वाढतो. आणि कर तर आपल्या दारावरची भाजीवालीही भरते, साबणाची वडी घेतली तरी. तिला कसली पेन्शन? हे मनात आले की मला सरळ एका बाजूला उभे राहता येत नाही.

तरीपण सगळी अनिश्चिती घरावर लोटावी, हेही पटत नाही. मार्च २०२३ मध्ये राज्याचे कर्मचारी आठवडाभर संपावर गेले ते याचसाठी. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने तिसरी तऱ्हा काढली, एकीकृत पेन्शन. पंचवीस वर्षे नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी, आणि नवऱ्यामागे पत्नीला त्या पेन्शनीच्या साठ टक्के. हा साठचा आकडा लक्षात ठेवा, बरे का. तो आपला आहे.

आता खाजगी नोकरीवाले. परळ-लालबागचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, तेव्हा गिरणी कामगाराला हयातीत दरमहा पेन्शन देणारी फंडाची योजनाच नव्हती; ती नोव्हेंबर १९९५ मध्ये आली. तिचा हिशोब सोपा आहे: पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. पंधरा हजारांवर दहा वर्षे भरली तर महिना सुमारे २,१४३ रुपये. इतक्यात गॅस, औषध आणि विजेचे बिल बसवून दाखवा!

आणि ठेकेदाराकडची झाडूवाली? ठेकेदार बदलला की तिची वर्षे जोडायला कोणी फिरकत नाही. घरकाम करणाऱ्या बायकांना २०१५ पासूनची अटल पेन्शन आहे, पण चाळिशीच्या आत नाव घालावे लागते. अठराव्या वर्षी सुरू केले तर पाच हजारांच्या पेन्शनीला महिना २१० रुपये, चाळिसाव्या वर्षी १,४५४. शिवाय ते पाच हजार तेव्हाच्या बाजारभावाचे असणार. तरी आपल्याकडे काम करणाऱ्या तरुण मुलींना हे सांगाच. जमल्यास पहिला हप्ता आपण भरावा.

पुढच्या मंगळवारी दुपारी मंडळात कागदपत्रे पाहायला बसू. येताना घरी दोन गोष्टी विचारून या: फंडाला वारस म्हणून नाव कोणाचे लावले आहे, आणि तीनपैकी पेन्शन कोणती. "तुला काय करायचंय?" असे उत्तर आले तर संध्याकाळी, चहा पुढे ठेवून, पुन्हा विचारा.