चित्रसंकलनाची विद्या आणि आपला शिक्षणनिधी
(संत तुकाराम नगर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या शिक्षणनिधीच्या नियमावलीत कोणकोणत्या अभ्यासक्रमांस साहाय्य द्यावयाचे याची यादी आहे. तीत वैद्यक आहे, अभियांत्रिकी आहे, औषधनिर्माणशास्त्र आहे, आयटीआयमधील फिटर, टर्नर, वेल्डर हे सर्व आहेत. गेल्या वर्षी व्हिडिओ संकलन शिकू इच्छिणाऱ्या आपल्यातील एका तरुणाचा अर्ज आला, तो मात्र ‘हे शिक्षण नव्हे, छंद आहे’ असा शेरा मारून परत करण्यात आला. तो शेरा कोणी मारला हे विचारण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. शेरा मारणाऱ्यांचा हेतू निधीचा पैसा वाया जाऊ नये असाच होता, आणि निधी कसा जमतो हे वर्गणीसाठी दारोदार हिंडलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु चित्रसंकलन ही विद्या आहे की छंद आहे, एवढ्याच प्रश्नाचा विचार आपण आज करू या.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. चित्रण करणारा मनुष्य कॅमेऱ्याने जे जे टिपतो ते सर्व कच्चा माल होय. त्यातील काय ठेवावे, काय गाळावे, कशानंतर काय यावे, आणि प्रत्येक दृश्य किती क्षण टिकावे हे ठरविणे म्हणजे संकलन. त्यानंतर ध्वनी स्वच्छ करणे, रंगांचा मेळ घालणे, अक्षरे घालणे आणि प्रत्यक्षात नसलेले ते दृश्यात आणणे, हे सारे उत्तरसंस्कार. कारखान्यातील मंडळींना सांगावयाचे तर ओतीव लोखंड लेथवर चढविल्यानंतर जे घडते ते येथे घडते. मापात चूक झाली की नग बाद.

ही विद्या महाराष्ट्रात कशी आली ते पाहिले म्हणजे तिला छंद म्हणावयास जीभ रेटत नाही. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० चा. मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांची चित्रे पडद्यावर हलती करावयाची असा निश्चय केला, तेव्हा त्यांचे वय चाळीस होते. तत्पूर्वी त्यांनी चित्रकला, छायाचित्रण व छपाई यांचे शिक्षण घेतले होते. आपल्या लोकल गाड्या ज्या लोणावळ्यास जाऊन थांबतात, त्या लोणावळ्यास राहून त्यांनी छपाईच्या धंद्यात दिवस काढले होते. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते विलायतेस गेले, तंत्र पाहिले, कॅमेरा मागवून परतले. परतल्यावर त्यांनी पहिले काम काय केले? कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा समोर रोवून ठेवला, आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले. ती फीत पडद्यावर चालविली तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकुर फुटला आणि वेल वर चढला. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी हीच फीत दाखविली. आज मुले ज्यास ‘टाइमलॅप्स’ म्हणतात व दूरध्वनीवर बोट दाबून करतात, ते हेच. फरक एवढाच की फाळक्यांना त्यासाठी महिनाभर थांबावे लागले, आणि थांबता येणे हा त्या विद्येचा पहिला पाठ होता.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. त्याची लांबी ३,७०० फूट. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. गुणाकार केला तर जवळजवळ साठ हजार चित्रे होतात. ती फीत घरी, रात्री, अंधाऱ्या खोलीत तयार होत असे. कोऱ्या फिल्मच्या कडेस छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. छिद्र जरा चुकले की चित्र पडद्यावर थरथरणार! दिवसभर मंडळींचा स्वयंपाक आणि रात्री हे काम. आपल्या भगिनी येथे बसल्या आहेत म्हणून मुद्दाम सांगतो की हिंदी चित्रपटसृष्टीचे जनकत्व आपण एकट्या दादासाहेबांस देतो, तो हिशेब अपुरा आहे.

फाळक्यांनंतरची कथा कोल्हापूरची. बाबुराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातील, करवत आणि कानस हाती धरलेले. परदेशी कॅमेरा आणणे परवडणारे नव्हते, तेव्हा त्यांनी कोल्हापुरात स्वतःच कॅमेरा तयार केला. विष्णुपंत दामले त्या कामात त्यांच्या हाताशी होते. दामले व शेख फत्तेलाल यांनी पुढे सहकाऱ्यांसह १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी काढली, १९३३ साली ती पुण्यास आली, आणि १९३६ साली ह्याच दोघांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत तुकाराम’ तयार झाला. ज्या महापुरुषाचे नाव आपल्या ह्या वसाहतीस आहे, आणि आता मेट्रोच्या स्थानकासही लागले आहे, त्याचे चरित्र व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोहोचविणारे हे दोघे यंत्रांशी झटणारे, रंगांत हात माखणारे कारागीर होते. दामले ध्वनिमुद्रणाचे जाणकार, फत्तेलाल देखाव्यांचे. पुढे प्रभातच्या त्याच आवारात १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था स्थापिली. जिथे कारागिरांनी विद्या घडविली तिथेच तिची शाळा झाली. ह्या शाळेतून संकलन शिकून बाहेर पडलेल्या रेणू सलूजा यांना संकलनासाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. छंदाला सरकार पुरस्कार देत नाही.

‘संत तुकाराम’च्या शेवटी विमान येते आणि तुकोबा वैकुंठास जातात. त्या काळी संगणक नव्हते. लहान प्रतिकृती, तारा, आरसे, काळे कापड, आणि एकाच फितीवर दोनदा प्रकाश पाडण्याची युक्ती, एवढ्यावर असे देखावे उभे राहात. भिंगाचा अर्धा भाग झाकून एकदा चित्रण करावयाचे, फीत मोजून मागे घ्यावयाची, मग दुसरा अर्धा झाकून पुन्हा चित्रण करावयाचे. दोन चित्रांची मोजणी एका घराने चुकली तरी सारे श्रम फुकट. आज संगणक तेच काम निरनिराळ्या थरांत करतो, आणि चुकले तर मागे जाता येते. सोय झाली, पण मोजणी सुटलेली नाही.

आता प्रत्यक्ष शिकावयाचे काय, ते सांगतो. यंत्राची बटणे पंधरा दिवसांत येतात. शिकावयाचे ते पाहणे. रशियात सुमारे शंभर वर्षांपूर्वी कुलेशोव्ह नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच चित्र तीन ठिकाणी वापरले. एकदा त्याच्या जोडीस सूपाचा वाडगा दाखविला, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. प्रेक्षक म्हणाले, काय हा नट! भूक, शोक, अभिलाषा किती सहज दाखवितो! चेहरा तर तोच होता. अर्थ चित्रात नव्हता, दोन चित्रांच्या सांध्यात होता.

हे आपल्या घरच्या उदाहरणाने पाहू. लग्नाचे चित्रण चार तासांचे असते आणि ते चार तास नवरामुलगासुद्धा पुन्हा पाहात नाही. ज्या तरुणाचा अर्ज परत गेला त्याने आपल्यातीलच एका लग्नाची बारा मिनिटांची फीत केली, ती मी दोनदा पाहिली. मंगलाष्टकांचा आवाज त्याने कोठेही तोडला नाही. आवाज अखंड चालू ठेवून चित्रे मात्र बदलत नेली. आवाज तुटला की मंगलाष्टकाचा ताल तुटतो आणि कानास लगेच कळते, डोळ्यास मात्र उडी चालते. शेवटच्या ‘सावधान’ला सर्वजण अंतरपाटाकडे पाहात असतात, कॅमेरेही तिकडेच वळलेले असतात. ह्याने त्या क्षणी वधूपित्याची मूठ दाखविली. अक्षता धरलेली ती मूठ उघडावयास किंचित उशीर झाला, तो उशीर त्याने कापला नाही. एवढेच. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. पुढे त्या फितीत आपण दिसत नाही म्हणून वराचे दोन मामा रुसले हेही खरे, आणि संकलकास हा रोष पत्करावा लागतो हेही ह्या विद्येचे एक अंग समजावे.

दृश्यपरिणामांविषयी थोडे. मागे हिरवा पडदा लावून चित्रण करतात आणि संगणकास सांगतात की हिरवे तेवढे काढून टाक. हिरवाच का? मनुष्याच्या कातडीच्या रंगापासून तो दूर आहे, आणि कॅमेऱ्याच्या पटलावर दर चार ग्राहकांपैकी दोन हिरव्या प्रकाशाचे असतात, त्यामुळे त्या रंगाची नोंद अधिक स्पष्ट होते. परंतु आपल्याकडील नववधूस हिरव्या पडद्यापुढे उभे करून पाहा! तिच्या हातातील चुडा पडद्याबरोबर अदृश्य होईल आणि सासूबाई अपशकुन म्हणतील. तेथे निळा पडदा हवा. असेच दिव्यांचे. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची, म्हणून जुन्या नळीच्या दिव्यांचा प्रकाश सेकंदास शंभर वेळा कमीजास्त होतो. कॅमेऱ्याची झडप त्या मानाने न बसविल्यास चित्रात पट्टे सरकतात. कारखान्याच्या शेडमध्ये चित्रण करणाऱ्यास हे प्रथम शिकावे लागते. ह्या गोष्टी पदार्थविज्ञानाच्या आहेत, आणि दहावीच्या वर्गात ज्यास प्रकाशाचा धडा कंटाळवाणा वाटला तो मुलगा येथे तो धडा स्वतःहून उघडतो हे मी पाहिले आहे.

दुसरी बाजूही सांगतो. ज्या युक्तीने तुकोबांचे विमान उडाले त्याच युक्तीच्या वंशातील साधनांनी आज कोणाचाही चेहरा व आवाज खोटा तयार करता येतो. प्रभातच्या प्रेक्षकाने हात जोडले, पण तो फसला नव्हता. आपण चित्रपटगृहात बसलो आहोत हे तो जाणत होता. नातवाच्या आवाजात दूरध्वनी येतो व पैसे मागितले जातात, तेथे पाहणाऱ्यास वा ऐकणाऱ्यास ते ठाऊक नसते. ही सीमारेषा शिकविली गेली पाहिजे, आणि ती मुलास एकट्याने, दार लावून शिकण्यात कळत नाही, गुरूजवळ कळते. निधीने साहाय्य द्यावे असे मी म्हणतो त्याचे हे एक मोठे कारण आहे.

धंदा म्हणून पाहाल तर तो हंगामी आहे. लग्नसराईत रात्ररात्र जागरण आणि पावसाळ्यात रिकामे हात. पैसे उशिरा मिळतात. शिवाय पार्श्वभूमी काढणे, बोललेल्या शब्दांची अक्षरे पडद्यावर उमटविणे ही कामे यंत्र आता आपोआप करू लागले आहे, आणि केवळ तेवढेच येणाऱ्याची मजुरी उतरणार. म्हणून पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत ज्यांस नोकरी आहे त्यांनी ती सोडून ह्या मार्गास लागावे असे मी मुळीच म्हणणार नाही. पाळीनंतर दोन तास शिकावे. कंत्राटाची मुदत संपून घरी बसलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या हाती वेळ आहे, आणि येथील कारखान्यांनाही कामगारांच्या प्रशिक्षणासाठी चित्रफिती लागतात. यंत्र कसे चालते हे ज्याने हाताने केले आहे, त्याने संकलित केलेली फीत बाहेरच्या माणसाच्या फितीपेक्षा सरस होईल.

साधनांचा खर्च पूर्वीसारखा राहिलेला नाही. ‘डाविन्ची रिझॉल्व्ह’ची एक आवृत्ती विनामूल्य मिळते, ‘ब्लेंडर’ व ‘केडेनलाइव्ह’ पूर्णतः विनामूल्य आहेत. खर्च आहे तो चांगल्या संगणकाचा व गुरूचा. पुण्याच्या संस्थेतील मुख्य अभ्यासक्रमास पदवी लागते व प्रवेशपरीक्षा कठीण असते, पण ती अल्प मुदतीचे वर्गही घेते. साहाय्य त्या वर्गांच्या शुल्कापुरते द्यावे, आणि ते घेणाऱ्याने वर्षअखेर आपले काम ह्या व्यासपीठावर दाखवावे, अशी अट घालावी.

त्याचे पहिले काम कोणते, तेही मी योजून ठेवले आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज पहिले व शेवटचे एवढीच उरली आहेत. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या काळच्या मूळ फिल्मा जळाल्या. मोठ्या संस्थांची ही गत, मग आपली काय? आपल्या मंडळाच्या कपाटात जुन्या संमेलनांच्या व्हीएचएस कॅसेटी पडून आहेत. त्यांत आज हयात नसलेल्या कित्येक वडीलधाऱ्यांचे चेहरे आहेत आणि त्यांचे आवाज आहेत. टेपवर बुरशी धरते, चुंबकीय ठसा फिका होत जातो. त्या चालविणारी नवी यंत्रे २०१६ नंतर तयारच झालेली नाहीत, जी जुनी आहेत तेवढीच. तीन तासांची कॅसेट संगणकावर उतरवावयास तीन तासच लागतात, घाई करता येत नाही. उतरविल्यावर तिच्या तीन प्रती कराव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत ह्या इमारतीबाहेर ठेवावी.

तरी अध्यक्षमहाराजांच्या अनुज्ञेने मी दोन सूचना मांडतो. नियमावलीतील यादीत ‘चित्रसंकलन व ध्वनिसंयोजन’ हे शब्द घालावेत, आणि परत गेलेला अर्ज पुन्हा मागवावा. ज्यांच्या घरी संमेलनाच्या, मुंजीच्या, लग्नाच्या जुन्या कॅसेटी असतील त्यांनी त्या चिटणीसांकडे आणून द्याव्यात. प्रत्येकीवर कागद चिकटवून वर्ष व समारंभाचे नाव लिहावे. वर्ष आठवत नसेल तर तीत कोण कोण दिसते, तेवढी नावे लिहिली तरी चालतील.