बालरुग्ण, किरणोत्सारी औषध आणि यंत्राचा वेळ



उत्तर अमेरिकेतील १३ बालरुग्णालयांच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, त्याच तपासणीसाठी मुलांना किलोमागे दिल्या जाणाऱ्या किरणोत्सारी औषधाच्या मात्रेत सरासरी तिपटीचा फरक आढळला. २०१० साली तेथील तज्ज्ञांनी मात्रा ठरवून दिल्या. मूत्रपिंडाच्या डीएमएसए स्कॅनसाठी किलोमागे ०.०५ मिलिक्युरी, किमान ०.५, म्हणजे बारा किलोच्या बालकास ०.६. किमान मर्यादा अशासाठी की अपुऱ्या औषधाने चित्र अस्पष्ट येते व तपासणी वाया जाते.

मी वाणिज्य शाखेचा. माझी दृष्टी प्रथम वेळेकडे गेली. मात्रा कमी, तर मूल कॅमेऱ्याखाली अधिक वेळ आणि दिवसाच्या तपासण्या कमी. जादा औषधाने वाचणारा वेळ जमेच्या बाजूस दिसतो. नावे मात्र मुलाच्या पडतो. यास्तव बालरुग्णांचा वेळ आम्ही यंत्राच्या उत्पन्नाच्या हिशेबातून वगळला आहे.