सापाचे ऊन, सापाची सावली

आज थोडे सापाविषयी बोलू. विषाविषयी नव्हे, उष्णतामानाविषयी.

माणसाचे अंग थंडीत काय अन् उन्हात काय, ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच असते. आपण खातो त्या भाकरीचा पुष्कळसा भाग ही आतली शेगडी पेटती ठेवण्यात खर्ची पडतो. सापाच्या अंगात अशी शेगडी नाही. भुई तापली की तो तापतो, निवली की निवतो. त्यामुळे थोडक्या खाण्यावर त्याचे भागते खरे. पण ऊब हवी तर उन्हात जावे लागते, ताप नको तर सावलीत शिरावे लागते. साप जागा बदलून जगतो, एवढे ध्यानात ठेवा. पुढचे सारे त्यावरच आहे.

आता हाच साप पेटीत कोंडला तर? तुम्ही म्हणाल, कोण कोंडतो? तर अमेरिकेत आणि इंग्लंडात साप पाळण्याचा छंद आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप आणि आफ्रिकेतला बॉल पायथन हा लहानखुरा अजगर तिकडे पुष्कळ घरांत असतो. जाणता माणूस त्याची पेटी सगळी सारखी तापवीत नाही. एक टोक ऊबदार, दुसरे गार. कॉर्न स्नेकला ऊबदार टोकाशी सुमारे ३० अंश आणि गार टोकाशी सुमारे २४ अंश मानवतात. बॉल पायथनला सुमारे ३२ आणि २५. विजेची गरम चटई घातली, तर ती तळाच्या एक-तृतीयांश भागाखालीच घालतात. आणि लपायला आडोसा दोन्ही टोकांना करतात. आडोसा एकाच टोकाला असला, तर बुजरा साप ऊब सोडील पण आडोसा सोडणार नाही.

मग उष्णतामान मोजायचे कोठे? येथेच पुष्कळजण फसतात. काचेला चिकटवलेला थर्मामीटर काचेजवळचे सांगतो. साप तर तळाशी पडलेला असतो. म्हणून तारेच्या टोकाने मोजणारे दोन थर्मामीटर घेऊन, साप जेथे अंग टेकतो तेथे, एकेका टोकाशी एकेक ठेवतात. शिवाय चटईला थर्मोस्टॅट जोडतात. ठरलेले उष्णतामान आले की तो वीज तोडतो, निवले की पुन्हा जोडतो. गुरुजी, विजेच्या इस्त्रीत हीच युक्ती असते. थर्मोस्टॅट नसेल तर चटई तापतच जाते. आणि नवल असे, की अंग भाजत असले तरी साप पुष्कळदा तेथून हलत नाही.

पेटी फार गार राहिली तर गिळलेला उंदीर पचत नाही, साप तो ओकून टाकतो. फार तापली, उष्णतामान ४०च्या घरात गेले, तर पुष्कळशा सापांचा जीवच जातो. काचेची पेटी उन्हात ठेवली तर याला वेळ लागत नाही.

या नियमाला आपल्याच रानात एक अपवाद आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि अंगाचे स्नायू आखडून-सैल करून स्वतः ऊब निर्माण करते. १८४१ साली पॅरिसमध्ये अशा मादीच्या उष्णतामानाची मोजणी प्रसिद्ध झाली. भोवतालच्या हवेपेक्षा ती अधिक ऊबदार भरली.

आपल्याकडे मात्र हा छंद नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला साप पकडणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. घरात निघालेला साप बरणीत भरून उन्हात ठेवला, तर त्याला ना ऊन निवडता येते ना सावली. तो तडफडून मरतो. तेव्हा दुरून नजर ठेवा आणि वनखात्याला कळवा.

गुरुजनांना एक सुचवितो. सापावाचूनही हा पाठ होतो. शाळेच्या आवारात एक थर्मामीटर उघड्या भुईवर आणि एक सावलीतल्या कौलाखाली ठेवा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता आकडे फळ्यावर मांडा आणि दर वेळी मुलांना विचारा, “आत्ता साप असता तर कोठे गेला असता?”

शेतकरी दादांनो, हाच प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारा. थंडीतल्या सकाळी बांधावरच्या उन्हात, उन्हाळ्याच्या दुपारी कडब्याच्या गंजीखाली नि लाकूडफाट्यात. तेथे हात घालण्याआधी काठीने खडखडाट करा. पायाखाली बघून चाला. तुमचाही जीव वाचेल आणि पिकातले उंदीर खाणाऱ्या त्या सापाचाही.